परदेशस्थ पाहुण्याचा आंधळगावपर्यंतचा प्रवास : एक आढावा

परदेशातून येणाऱ्या प्रवाशासाठी मार्गदर्शन लिहिण्याची आपल्याकडील रूढ पद्धत अशी की, लेखक प्रथम मुंबई किंवा दिल्ली येथील विमानतळाचे सविस्तर वर्णन करतो, तेथून रेल्वे व हवाई मार्गांची गणती करीत प्रांताच्या मोठ्या शहरापर्यंत येऊन पोहोचतो, आणि जिल्ह्याचे ठिकाण दृष्टिपथात येताच ‘तेथून पुढे स्थानिक वाहने मिळतात’ एवढ्या एका वाक्यावर उरलेला सारा प्रवास सोपवून मोकळा होतो. वस्तुतः ज्याला खरोखरच खेड्यापर्यंत जावयाचे असते, त्याचा खोळंबा हजारो मैलांच्या आकाशमार्गात क्वचितच होतो. तो होतो या एका वाक्यात. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे गाव या दृष्टीने तपासून पाहण्याजोगे आहे. कारण ते दुर्गम नाही, नागपूरपासून शंभर किलोमीटरच्याही आत आहे, महामार्ग आणि लोहमार्ग दोन्ही त्याच्या परिसरातून जातात, आणि तरीही तेथे प्रथमच येणाऱ्या परदेशस्थाला सुखरूप व वेळेवर पोहोचवील असे एकत्रित मार्गदर्शन सहसा हाती लागत नाही. ते कसे असावे, आजची व्यवस्था कोठे पुरी पडते आणि कोठे अपुरी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

अशा गावी परदेशी पाहुणा येतोच कशाला, हा प्रश्न प्रथम निकालात काढला पाहिजे. येणाऱ्यांत पहिला वर्ग अर्थातच आप्तेष्टांचा : शिक्षण वा नोकरीच्या निमित्ताने विदेशी स्थायिक झालेली कुटुंबे, त्यांची तेथेच जन्मलेली मुले, आणि क्वचित परदेशी जावई वा सून. दुसरा वर्ग वस्त्रकलेच्या अभ्यासकांचा व रसिकांचा. आंधळगाव आणि मोहाडी ही कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, हातमागासाठी नावाजलेली गावे आहेत. ऐन आणि अर्जुन या वृक्षांवर कोशाच्या अळ्या पोसण्याचा या भागातील धंदा मुख्यतः ढिवर समाजाने सांभाळला आणि विणकामाचा वारसा कोष्टी समाजाने. करवतीच्या दात्यांसारखी किनार तीन धोट्यांच्या साह्याने अंगवस्त्रात गुंतवीत नेणारी जी ‘करवत काठी’ साडी विदर्भाच्या नावाने भौगोलिक मानांकन पावली आहे, ती याच परंपरेची. मागांची संख्या पूर्वीच्या मानाने पुष्कळच घटली असली, तरी पाहणाऱ्याला पाहण्यासारखे अजून शिल्लक आहे. तिसरा वर्ग यात्रेकरूंचा व वनप्रेमींचा. त्यांचे मुख्य लक्ष्य नागपूरची दीक्षाभूमी, वैनगंगाकाठचे पवनी किंवा नागझिरा-पेंचची अरण्ये हे असते, आणि आंधळगाव त्यांच्या वाटेवरचा किंवा वाट थोडी वाकडी करून गाठण्याजोगा मुक्काम ठरतो. या तिघांच्या गरजा भिन्न आहेत, परंतु अडचणी बहुतांशी सारख्याच.

या अडचणींचे मूळ भूगोलात आहे तितकेच इतिहासातही आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ साली नागपुरास पोहोचली. तेथून पूर्वेकडे छत्तीसगडच्या धान्याला वाट काढून देण्यासाठी १८८० च्या सुमारास मीटरगेज मार्ग टाकण्यात आला, आणि १८८७ साली स्थापन झालेल्या बेंगॉल नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद करीत कलकत्त्याच्या दिशेने नेला. हा मार्ग आखताना जिल्ह्यातील नगरांच्या सोयीपेक्षा मालवाहतुकीच्या सरळ रेषेला अधिक मान मिळाला, आणि त्याचा परिणाम आजचा प्रवासी भोगतो आहे. ‘भंडारा रोड’ हे स्थानक भंडारा शहरात नसून तेथून सुमारे दहा किलोमीटरवरच्या वरठी गावी आहे; ‘तुमसर रोड’ हे तुमसर शहरापासून दूर, देव्हाडी येथे आहे. नकाशावर शहराचे नाव पाहून रात्रीच्या गाडीने उतरणाऱ्या परक्या माणसाची जी तारांबळ उडते, तिचे कारण एवढेच. मोहाडी तालुक्याच्या गावाला लोहमार्गाचा स्पर्शच नाही. मात्र भंडाऱ्याहून तुमसरकडे जाणारी सडक वरठीवरूनच मोहाडीला येते, ही एक गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्याचा बराचसा वळसा वाचतो, कारण वरठीस उतरून उलट भंडाऱ्याकडे जाण्याचे आणि तेथून पुन्हा त्याच वाटेने परतण्याचे मग प्रयोजन राहत नाही.

येथून प्रस्तुत आढाव्याचे मुख्य सूत्र सांगता येईल : अशा प्रवासाची आखणी विमानतळापासून गावाकडे न करता गावापासून विमानतळाकडे करावी. प्रथम ठरवावे ते हे की, मोहाडीहून आंधळगावास दिवसाच्या कोणत्या वेळी पोहोचणे सोयीचे. त्यावरून वरठी किंवा भंडारा कोणत्या वेळी गाठले पाहिजे हे ठरते. त्यावरून नागपूर, आणि नागपूरवरून मुंबई-दिल्लीचे विमान. बहुतेक मंडळी याच्या अगदी उलट करतात. स्वस्त मिळाले म्हणून मध्यरात्री उतरणारे विमान घेतात, आणि मग पहाटेच्या अंधारात पुढील साऱ्या दुव्यांना त्या एका तिकिटाच्या मागे ओढीत नेतात.

कागदपत्रांचा विचार सर्वांत आधी. परदेशी पारपत्र धारण करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो मूळचा भंडाऱ्याचा का असेना, व्हिसा किंवा ओसीआय कार्ड यांपैकी एक लागतेच. आणि परदेशात जन्मलेल्या व तेथील पारपत्र असलेल्या तान्ह्या मुलालाही या नियमातून सूट नाही, हे अनेक कुटुंबांच्या शेवटच्या आठवड्यात ध्यानात येते. २०१४ च्या नोव्हेंबरपासून सुरू झालेली ई-व्हिसाची सोय आता बहुसंख्य देशांच्या नागरिकांना उपलब्ध असून ती ज्या विमानतळांवर ग्राह्य आहे त्यांत नागपूरचाही समावेश आहे. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करावा. तशाच दिसणाऱ्या खाजगी स्थळांवर अवाच्या सवा शुल्क आकारले जाते. ओसीआय कार्ड आजीवन चालते, परंतु वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत दर वेळी आणि पन्नाशीनंतर एकदा, पारपत्र नवे झाले की त्याची प्रत व छायाचित्र शासनाच्या व्यवस्थेत चढवावे लागते आणि वयाच्या विसाव्या वर्षानंतर पहिले नवे पारपत्र काढल्यावर कार्डही एकदा नव्याने घ्यावे लागते. वस्त्रकलेच्या अभ्यासकांनी आणखी एक भेद जाणून घ्यावा : हौसेने माग पाहणे हा पर्यटनाचा भाग झाला, पण विद्यापीठीय संशोधनासाठी माहिती गोळा करणे हा निराळा विषय आहे. पर्यटन-व्हिसावर ते करता येत नाही आणि ओसीआय धारकालाही २०२१ च्या अधिसूचनेनुसार त्यासाठी विशेष परवानगी घ्यावी लागते.

यजमानाची कायदेशीर जबाबदारी हा याच प्रकरणाचा दुसरा, आणि गावात सर्वाधिक दुर्लक्षित, भाग. परदेशी नागरिकाला मुक्कामास ठेवणाऱ्याने, ते हॉटेल असो, धर्मशाळा असो की सख्ख्या मामाचे घर असो, पाहुणा आल्यापासून २४ तासांच्या आत ‘सी फॉर्म’ ऑनलाइन भरून त्याच्या वास्तव्याची वर्दी देणे आवश्यक आहे. जिल्ह्यात परकीय नागरिक नोंदणीचे अधिकार पोलीस अधीक्षकांकडे असतात. आंधळगावात तर पोलीस ठाणे गावातच असल्यामुळे शंका असल्यास विचारण्यास लांब जावे लागत नाही. आपल्या घरी आलेल्या भाच्याची पोलिसांत नोंद करणे पुष्कळांना अपमानास्पद वाटते, परंतु ती पाहुण्याच्याच हिताची हमी आहे. पुढे पारपत्र हरवले, प्रकृती बिघडली किंवा व्हिसाची मुदत वाढवावी लागली, तर तीच नोंद कामी येते. पाहुण्याने निघण्यापूर्वी पारपत्राच्या व व्हिसाच्या पानांच्या प्रती यजमानाकडे पाठवून ठेवाव्यात, म्हणजे हे काम पहिल्याच दिवशी उरकते.

आता मार्गांकडे वळू. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून आखाती प्रदेशातील दोहा व शारजा या शहरांशी थेट सेवा चालत आली आहे; ती ज्यांना सोयीची पडते त्यांचा मुंबई-दिल्लीचा फेरा वाचतो, मात्र तिचे दिवस व वेळा बदलत असल्याने चालू वेळापत्रक पाहूनच निर्णय घ्यावा. उरलेल्यांना मुंबई किंवा दिल्ली येथे उतरून देशांतर्गत विमान घ्यावे लागते. तेथे ध्यानात ठेवण्याची बाब ही की, पारपत्र-तपासणी आणि सीमाशुल्काचे सोपस्कार देशात जेथे प्रथम उतरावे तेथेच होतात, सामान तेथे उचलून पुन्हा द्यावे लागते, आणि मुंबईत आंतरराष्ट्रीय विमाने एका टर्मिनलला तर पुढचे विमान दुसऱ्या टर्मिनलहून असा प्रकार होऊ शकतो. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये झाल्यापासून तर तिकिटावर ‘मुंबई’ एवढेच पाहून भागत नाही. कोणता विमानतळ हेही वाचावे लागते. दोन विमानांत चार तासांहून कमी अवधी ठेवणे धाडसाचे, आणि दोन तिकिटे स्वतंत्रपणे काढलेली असतील तर अविचाराचे. कारण पहिले विमान उशिरा आल्यास दुसरी कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही.

रेल्वेने येऊ इच्छिणाऱ्यास मुंबईहून गोंदियाला जाणारी विदर्भ एक्सप्रेस हा सर्वांत सरळ मार्ग आहे. ती सायंकाळी मुंबई सोडते, दुसऱ्या दिवशी सकाळी नागपुरास पोहोचते आणि पुढे भंडारा रोड व तुमसर रोड या दोन्ही स्थानकांवर थांबते. म्हणजे प्रवासी दिवसाउजेडी वरठीस उतरतो, आणि उलट आखणीचे आपले सूत्र येथे आपोआप साधते. पुणे, सातारा किंवा कोल्हापूरकडून येणाऱ्याला कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस तीच सोय देते. तिचा प्रवास दीर्घ आहे, पण ज्याला महाराष्ट्र खिडकीतून पाहावयाचा आहे त्याला तो लांबलेला वाटू नये. हावडा मार्गावरील अनेक जलद गाड्या मात्र या लहान स्थानकांवर थांबत नाहीत. त्यांनी आल्यास नागपूर किंवा गोंदिया येथे उतरावे. नागपूरहून गोंदियाकडे जाणाऱ्या काही मेमू गाड्या मुख्य स्थानकातून न सुटता शहराच्या पूर्वेकडील इतवारी स्थानकातून सुटतात, हे न कळल्यामुळे मुख्य स्थानकाच्या फलाटावर ताटकळत बसण्याची पाळी अनेकांवर येते.

आरक्षणाच्या नियमांत अलीकडे झालेले फेरबदल परदेशस्थाला विशेष जाचक आहेत. सर्वसाधारण आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. परदेशी पर्यटकांसाठी मात्र ३६५ दिवस आधी आरक्षण करण्याची सवलत कायम असून त्यासाठी काही गाड्यांत स्वतंत्र कोटाही असतो. पूर्वीचा इंड्रेल पास, ज्यावर एकेकाळी पाठीवर पिशवी टाकून हिंडणारे परदेशी तरुण महिनोन्‌महिने फिरत, तो २०१७ साली बंद झाला. तत्काळ तिकीट ऐनवेळी कामी येईल ही आशाही आता ठेवू नये. जुलै २०२५ पासून ते ऑनलाइन काढण्यासाठी आधारची पडताळणी सक्तीची आहे, आणि ती परदेशी पारपत्रधारकापाशी सहसा नसते. प्रतीक्षायादीतील तिकिटाला परदेशात ‘जागा मिळालेली आहे’ असे समजण्याचा संभव असतो. यजमानाने हा गैरसमज आधीच दूर करावा.

नागपूरहून पुढे सडकेने जाण्याचे तीन प्रकार आहेत. पहिला, राज्य परिवहन महामंडळाची बस. गणेशपेठेतील मध्यवर्ती बसस्थानकावरून मौद्याच्या वाटेने भंडाऱ्याला जाणाऱ्या गाड्या दिवसभर सुटतात आणि भंडाऱ्याहून तुमसरकडे जाणाऱ्या गाडीने मोहाडी गाठता येते. १९४८ साली पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झालेली आणि १९६१ साली विदर्भासह एका महामंडळात गुंफली गेलेली ही सेवा आजही खेड्याला शहराशी जोडणारा सर्वांत विश्वासू धागा आहे. तथापि तिच्या वेळा गावच्या शाळा-बाजाराच्या दिनक्रमाला बांधलेल्या असतात, परदेशच्या विमानांना नव्हे. सायंकाळनंतर फेऱ्या विरळ होतात, मुक्कामी गाडी रात्री येऊन पहाटे परत फिरते, आणि फलकावरील देवनागरी न वाचणाऱ्याला वाहकाला विचारल्याखेरीज गत्यंतर नसते. दुसरा प्रकार म्हणजे माणशी भाडे घेणाऱ्या काळी-पिवळी जीपगाड्या व ऑटो. मोहाडीपासून आंधळगावापर्यंतच्या अखेरच्या टप्प्यावर बहुतेकांचे त्यावाचून चालत नाही, परंतु गाडी भरल्याशिवाय ती हलत नाही आणि दोन मोठ्या पेट्यांना तीत जागा मिळणे कठीण. म्हणून अवजड सामान नागपुरास ठेवून चार दिवसांपुरती एक पिशवी घेऊन यावे, हा उपदेश साधा असला तरी मोलाचा आहे.

तिसरा प्रकार भाड्याच्या मोटारीचा. सहकुटुंब, वृद्ध वा लहान मुलांसह येणाऱ्याने तोच पत्करावा. पैशाचा फरक असतो, पण थकव्याचा त्याहून मोठा. पिवळ्या पाटीची गाडी भाड्याने चालविण्याचा परवाना असलेली असते. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्तात मिळाली, तरी अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न उभा राहतो. भाडे ठरविताना जाणे-येणे, टोल, चालकाचा रात्रीचा मुक्काम आणि थांबण्याचे तास हे सर्व आधीच बोलून घ्यावे. स्वतः मोटार हाकण्याचा मोह परदेशी पाहुण्याने आवरावा हे बरे. आंतरराष्ट्रीय परवाना असला की कायदा आड येत नाही, पण कापणीच्या दिवसांत धान लादलेले, मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर, सडकेवर बसलेली जनावरे आणि विरुद्ध बाजूने येणारी दुचाकी यांचा अंदाज केवळ परवान्याने येत नाही. रात्रीचा प्रवास तर स्थानिक चालकासहही टाळावा. मुंबईहून थेट मोटारीने येणाऱ्यांसाठी ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्णपणे खुला झाला आहे. तो नागपुरास संपतो, आणि त्याला पूर्वेकडे भंडारा-गोंदियापर्यंत वाढविण्याची योजना आहे. रामटेक-तुमसर ही उत्तरेकडील सडक पेंच किंवा रामटेक पाहून येणाऱ्याला उपयोगी. तिने आल्यास पुन्हा नागपूरच्या गर्दीत शिरावे लागत नाही.

ऋतूंची निवड हा या साऱ्या योजनेचा प्राण होय. परदेशातील शाळांच्या सुट्या जून ते ऑगस्टमध्ये असल्यामुळे बहुतेक कुटुंबे नेमकी पावसाळ्यात येतात. धानाची रोवणी, भरलेली मालगुजारी तळी आणि हिरवीगार बांधबंदिस्ती पाहावयाची असेल तर हा काळ रम्य आहे. परंतु वैनगंगेला येणारे पूर वाहतूक रोखून धरतात, ऑगस्ट २०२० च्या अखेरीस भंडारा शहरासह सारा काठ जलमय झाला होता, आणि अभयारण्यांची मुख्य द्वारे या दिवसांत बंद असतात. एप्रिल-मे हे लग्नसराईचे महिने; पण उन्हाचा पारा तेव्हा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि थंड हवेतून आलेल्या माणसाला दुपारच्या मांडवात उष्माघात होण्याचे भय खोटे नसते. सर्वांत उत्तम काळ दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा. दिवाळी सरताच झाडीपट्टीतील गावोगावी मंडई भरते, दंडार व नाटके रात्र जागवितात, शेतात धान कापणीला आलेले असते, आणि पाहुण्याला गाव आपल्या पूर्ण स्वरूपात भेटते. मात्र नागपुरात मुक्काम करावयाचा झाल्यास दोन तारखा सांभाळाव्यात. विजयादशमी व १४ ऑक्टोबरच्या सुमारास दीक्षाभूमीवर डॉ. आंबेडकरांचे लाखो अनुयायी लोटतात, आणि डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते. या दोन्ही वेळी खोल्या, गाड्या व आरक्षणे यांची टंचाई पडते. बौद्ध यात्रेकरूने पहिली तारीख मुद्दाम निवडली, तर आरक्षण कित्येक महिने आधी करणे हाच एक उपाय.

पैसा व दूरध्वनी यांची व्यवस्था पूर्वी दुय्यम होती. आज ती प्रवासाच्या मध्यभागी आली आहे. पानठेल्यापासून ऑटोवाल्यापर्यंत सर्वांनी यूपीआय स्वीकारल्यामुळे सुट्या पैशांची सवय सुटत चालली आहे, आणि स्थानिक बँक-खाते नसलेला परदेशी माणूस खिशात परकीय चलन असूनही चहाच्या पैशांसाठी अडतो. २०२३ च्या जी-२० परिषदेच्या निमित्ताने परदेशी पाहुण्यांसाठी सुरू झालेली यूपीआय वन वर्ल्ड ही सोय, आणि अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, आखाती देश आदी ठिकाणच्या क्रमांकांवरून अनिवासी भारतीयांना त्यांच्या येथील खात्याद्वारे यूपीआय वापरण्याची मिळालेली मुभा, या दोन्ही विमानतळावर वा निघण्यापूर्वीच जुळवून घ्याव्यात. तरीही शंभर-दोनशेच्या नोटांची रोकड जवळ असावी, आणि परदेशी कार्ड चालते की नाही याची खात्री नागपुरातच करून घ्यावी. घरच्या कपाटात जपून ठेवलेल्या जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा २०१६ पासून निरुपयोगी आहेत, हेही काही वृद्ध आप्तांना सांगावे लागते. मोबाईलचे सिम पारपत्र व व्हिसा दाखवून नागपूर किंवा मुंबईतच घ्यावे. उपग्रह-दूरध्वनी मात्र परवानगीशिवाय मुळीच आणू नये. परदेशात तो सर्रास वापरला जातो, परंतु येथे तो गुन्हा ठरतो आणि पाहुण्याला त्यापायी अटकही झालेली आहे.

मुक्कामाचे म्हणाल तर आंधळगावात आप्तांचे घर हाच मुख्य आश्रय. ज्यांना ते नाही त्यांनी भंडारा किंवा नागपूर येथे राहून दिवसाची फेरी करावी, म्हणजे नोंदणीचे कामही हॉटेल करते. आरोग्याची तजवीज साधी आहे : उकळलेले वा बाटलीचे पाणी, डासांपासून संरक्षण, नेहमीची औषधे मूळ वेष्टनात व चिठ्ठीसह, आणि उन्हाळ्यात मीठ-साखरेचे पाणी. जिल्हा रुग्णालय भंडाऱ्यास आहे, मोठ्या उपचारांसाठी नागपूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व एम्स ही इस्पितळे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटासाठी ११२ हे क्रमांक पाहुण्याच्या फोनात आधीच असावेत. परदेशचा प्रवास-विमा खेड्यातील अपघाताचा आणि नागपूरपर्यंत नेण्याचा खर्च सोसतो की नाही, हे त्यातील बारीक अक्षरे वाचूनच ठरवावे.

परिसरातील फेऱ्यांची आखणीही गाव मध्यबिंदू मानूनच करावी. दक्षिणेस पवनी, तेथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व पुरातत्त्व खात्याने केलेल्या उत्खननात प्राचीन स्तूप उजेडात आला. पश्चिमेस रामटेक-मनसरचा वाकाटककालीन परिसर, त्यापुढे पेंच. नागपूरच्या वाटेवर कामठीचे ड्रॅगन पॅलेस हे जपानी मैत्रीतून १९९९ साली उभे राहिलेले बुद्धमंदिर. पूर्वेस २०१३ साली व्याघ्रप्रकल्प म्हणून घोषित झालेले नवेगाव-नागझिरा. साकोलीकडून पिटेझरीच्या आणि तिरोड्याकडून चोरखमाऱ्याच्या द्वाराने तेथे शिरता येते. वनसफारीचे आरक्षण ज्या ओळखपत्रावर केले तेच द्वारावर दाखवावे लागते, तेव्हा परदेशी पाहुण्याने पारपत्राचाच क्रमांक द्यावा. मोहाडीची चौंडेश्वरी आणि तुमसरजवळचा आंबागड किल्ला तर अर्ध्या दिवसात होण्याजोगे. या सर्वांना एका दिवसात कोंबण्याचा अट्टहास मात्र करू नये. एक दिवस एक दिशा, असा नेम ठेवल्यास माणूस थकत नाही आणि गाव पाहण्यासही उसंत उरते.

कोशाचे वस्त्र विकत घेणाऱ्याने विणकराच्या मागाजवळूनच घ्यावे, सूत खरे कोशाचे आहे का हे मोकळेपणाने विचारावे, आणि किमतीची घासाघीस मजुरीचे दिवस ध्यानात घेऊन करावी. रेशमी वस्त्र परदेशी नेण्यास अडचण नसते. परंतु भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या बाजारात जुनी मूर्ती हौसेने घेताना १९७२ चा पुरावस्तू कायदा आठवावा, कारण शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. त्याच वर्षीच्या वन्यजीव कायद्यामुळे मोरपिसे व साळिंदराचे काटे यांनाही तीच बंदी आहे.

या आढाव्यातून निष्पन्न काय होते? वाहनांचा तुटवडा हे या प्रवासाचे मुख्य दुखणे नाही; विमान, रेल्वे, बस आणि मोटार ही चारही साधने आंधळगावच्या आसपास येऊन थांबतात. दुखणे हे आहे की, तिकिटापासून चहापर्यंतची सारी नवी व्यवस्था आधार, स्थानिक मोबाईल आणि देशी बँक-खाते असलेल्या माणसासाठी रचली गेली, आणि ते नसलेल्याला एखाद्या स्थानिक माणसाचे बोट धरल्यावाचून पाऊल टाकता येत नाही. जोवर हे असे आहे, तोवर उत्तम नियोजनाची निम्मी जबाबदारी यजमानाकडेच राहणार. तिच्यातील काही भार सार्वजनिक संस्थांना सहज उचलता येईल. वरठी व देव्हाडी या स्थानकांवर ‘भंडारा, मोहाडी, तुमसर, आंधळगाव येथे कसे जावे’ असा मराठी, हिंदी व इंग्रजी फलक. मोहाडीच्या बसथांब्यावर शेवटच्या गाडीची वेळ ठळक अक्षरांत. आणि ग्रामपंचायतीकडून सी फॉर्म, रुग्णालय, पोलीस ठाणे व खात्रीच्या मोटारचालकांची माहिती देणारे एक छापील पान, यांना फारसा खर्च येत नाही. ज्या कुटुंबांत या हिवाळ्यात परदेशचा पाहुणा येणार आहे, त्यांनी त्या पानाची वाट न पाहता ते स्वतः लिहून आजच पाठवावे, आणि विमानाचे तिकीट त्यानंतरच काढण्यास सांगावे.